चाळीस सेकंदांची धूळ

भाग्यश्री : आणि माझ्या फोनमधून तो व्हिडिओ का काढून टाकलास? सोनू सकाळपासून ‘बाबाचं वादळ’ मागतेय.

अभय : शंभरदा बघितलंय तिनं. पुरे आता.

भाग्यश्री : हळू बोल, आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. सहा महिन्यांत ‘सगळं ठीक’ सोडून तुझ्याकडून आलेली तेवढी एकच गोष्ट होती ती.

अभय : निम्म्या बिबवेवाडीला दाखवून झालीय तुझी.

भाग्यश्री : दाखवणारच. नवरा जहाजावर ऑफिसर म्हटलं की लोक विचारतात, दिसतं काय तिथे? धुळीची अख्खी भिंत समुद्रावरून चालत येतेय, पाणी तांबडं, मागचं आकाशच नाहीसं... बरं, राहू दे. कसबा पेठेतून इमादच्या आईचा, नसीमबानूंचा फोन होता. तिसऱ्यांदा. ‘आमच्या इमादला उचलून आणणाऱ्या साहेबांना जेवायला आणा.’ त्यांचा शीरखुर्म्याचा रिकामा डबा महिनाभर ओट्यावर पडलाय.

अभय : कुरिअरनं पाठव.

भाग्यश्री : कसब्यात? कुरिअरनं? वा! पोस्टाचं तिकीटही लाव वर.

अभय : मग तू देऊन ये.

भाग्यश्री : तुझ्याच जहाजावरचा मुलगा ना रे तो? गुडघ्याचा चुरा झाला, परत कधी जहाजावर चढणार नाही. एकदा भेटावंसंही वाटत नाही तुला?

अभय : व्हिडिओत जहाजाच्या पुढच्या टोकाशी एक केशरी ठिपका होता. आठवतो?

भाग्यश्री : हो. सोनू त्याला संत्रं म्हणते.

अभय : तो इमाद. शिडीवर चढून रंग देत होता.

(भाग्यश्री सोनूच्या खोलीचं दार ओढून घेते.)

अभय : ब्रिजवर, जहाज चालवतात तिथे, ड्यूटी माझी होती. धूळ दिसली की वॉकीटॉकीवर एकच वाक्य बोलायचं, सगळे आत या. बोललो मी. फक्त आधी व्हिडिओ काढला. चाळीस सेकंद. वाटलं, धूळ लांब आहे अजून. तो उतरायच्या आत वाऱ्यानं त्याला शिडीवरून पाडलं. वारा धुळीच्या पुढे येतो, हे मला परीक्षेत विचारलं होतं. बरोबर लिहिलं होतं मी.

भाग्यश्री : मीच मागे लागले होते. लेकीसाठी एक व्हिडिओ काढवत नाही का म्हणून.

अभय : ते स्वतःवर घेऊ नकोस. ड्यूटी तुझी नव्हती.

भाग्यश्री : इमादला ठाऊक आहे?

अभय : त्याला वाटतं, वारा अचानक आला. रिपोर्टातही तेच आहे. रिपोर्ट मीच लिहिला. म्हणून तर शीरखुर्मा येतो आपल्याकडे.

भाग्यश्री : तू चमचाभरही घेतला नाहीस. मला वाटलं, गोड नको झालंय तुला.

अभय : माझ्या फोनमधला व्हिडिओ अजून आहे. तो पुसवत नाही.

भाग्यश्री : तो फोन घे बरोबर. शर्ट बदल.

अभय : आत्ता? सोनू?

भाग्यश्री : शेजारच्या सुशीलाबाई बसतील तिच्यापाशी. थांब, डब्यात साखर घालते. रिकामा डबा नाही देत कुणाला.

अभय : ऐकल्यावर घेणार नाहीत त्या.

भाग्यश्री : मग भरलेलाच परत आणू.