दुपारचा पंप

आजच्या निरोप-समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन शत्रुघ्न पाटील साहेब, त्यांच्या शेजारी बसलेले आदरणीय फादर, सत्कारमूर्ती प्लासिडभाऊ आणि उर्सुलाताई, आणि या पार्किंगमध्ये दाटीवाटीने बसलेल्या माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनो, आशालता सामंतचा आपणा सर्वांना नमस्कार.

दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलंय. दोन शब्दांत मी भाजीवालीशीसुद्धा बोलत नाही, हे आपण जाणताच.

पापडीतल्या आपल्या या बिल्डिंगमध्ये पहिला एसी आला तो डाबऱ्यांकडे, म्हणजे आपल्या प्लासिडभाऊंकडे, सन दोन हजारच्या उन्हाळ्यात. तेव्हा आपण काय म्हणालो? खोटं कशाला बोलू, ‘बघा, बँकेतली नोकरी!’ असंच म्हणालो. मग कळलं, की त्यांच्या रोझलिनला जन्मापासून घामच येत नाही. घाम नाही म्हणून अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि उन्हाळ्याच्या दुपारी पोर तापाने फणफणते. तो एसी चैनीचा नव्हता, तिचं औषध होतं.

प्लासिडभाऊंनी त्या मशीनची अशी सेवा केली, की सासूची कुणी करणार नाही. रविवारी चर्चमधून मिस्साहून आले की जाळी काढायची, नळाखाली धुवायची, सावलीत वाळवायची. इथली खारी हवा मागच्या पातळ पत्र्यांना खाते, म्हणून मऊ ब्रशने तेही साफ करायचे. पहिल्या पावसाळ्यात तर त्यांनी एसी मागून निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि खोली काही गार होईना. नंतर स्वतःच हसत सांगत होते, “ताई, मला वाटायचं मशीन थंडी बनवते. ती तर आतली गरमी बाहेर फेकते. मी तिचं तोंडच बांधलं, मग फेकनार कुठं?”

ते सुटलं, पण व्होल्टेजचं काय? दुपारी आपला पाण्याचा पंप सुरू झाला की दिवे मंदावायचे आणि त्यांचा एसी घरघर करून बंद पडायचा. स्टॅबिलायझर बसवला, तरी तेच. तेव्हा आपल्या सभेत, जिथे स्कूटर कुणी कुठे लावायची यावरून आजही हातघाईवर येतात, तिथे एकमताने ठरलं, की दुपारी पंप लावायचा नाही. मग माझ्या शेजारच्या संपदाचा मिक्सर सकाळीच फिरू लागला, माझी इस्त्री संध्याकाळवर गेली. त्याचा कुणी ठराव केला नव्हता. जेवणं आटोपली की सगळी बिल्डिंग गप्प व्हायची, आणि वरून तेवढा त्या एसीचा आवाज यायचा. तो ऐकला की मला निवांत झोप लागायची.

असे तिचे उन्हाळे आपण सगळ्यांनी सांभाळले. आणि ती गेली कधी? या जानेवारीत. एसी बंद असताना, न्यूमोनियाने. सातवीत होती हो. मला अजून इतका राग येतो, आणि कुणावर काढावा ते कळत नाही.

मग हा उन्हाळा आला. वरचा एसी लागला नाही, पण दुपारी पंप लावायला कुणी धजेना. आपला वॉचमन जितेश एकदा बटणापर्यंत गेला आणि तसाच परत आला. मिक्सर नाही, इस्त्री नाही, टीव्हीसुद्धा नाही. आपल्याला वाटत होतं, आपण तिची आठवण राखतोय.

परवा मी उर्सुलाताईंना विचारलं, “घर का विकता? आम्ही सगळे आहोत ना इथे?”

त्या म्हणाल्या, “ताई, दुपारी बिल्डिंग गप्प होते ना, तेव्हा मला वाटतं रोझी आत झोपलीय. मी उठून बघायला जाते. रोज जाते. पंप लावा, कोनीतरी आवाज करा, असं किती वेळा ओठांवर आलं. पन तुम्ही एवढ्या मायेनं गप्प बसता, मी कसं सांगू?”

मी त्यांचा हात धरून बसले, आणि तेव्हाही बिल्डिंग गप्पच होती.

प्लासिडभाऊ, उर्सुलाताई, जूचंद्रच्या नव्या घरी सुखाने राहा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गजबजाटात राहा. तुमच्या खिडकीखाली पिठाची गिरणी आहे असं कळलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

फादर, चेअरमनसाहेब, आपण वेळात वेळ काढून आलात, आपले मनापासून आभार. ज्यांनी खुर्च्या मांडल्या, चहा केला, त्यांचेही आभार. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि उर्सुलाताई, आमचं ते गप्प बसणंही पोटात घाला. आम्हाला दुसरी माया करता येत नव्हती हो.