शिवण उसवली नव्हती

माझं माहेर निडीचं, स्टेशनच्या पलीकडे घर. शिवण मी रोह्याला शिकले, बाजारात एक बाई शिकवायची, ब्लाउज, परकर, पोरांचे गणवेश. लग्न होऊन पेणच्या खाडीकाठी आले ती मशीन घेऊनच आले, आणि काय सांगू तुम्हाला, यमुनाची शिवण उसवली असं कुणी म्हटलं, असं कधी झालंच नाय. म्हणून तर जळतं ओ. आता तेच एक म्हणतात.

आमचं गाव खाडीला लागून. भाताच्या शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून मातीचा बांध, त्याला खाडीच्या अंगाने दगड लावलेले. उधाणाला बांध कुठे खचला की घरटी एक माणूस चिखल टाकायला गेलाच पाहिजे, नाय गेला तर त्याच्याशी कोण बोलायचं नाय. खारं पाणी एकदा आत आलं की दोन-चार वर्षं भाताचं नाव नको. तर बांध नवा करायचं ठरलं, नि इंजिनिअर म्हणाला, दगडाखाली कापड घालायचं. आम्ही हसलो, मातीला कापड? पण असतं तसं, हायवेच्या कामातपण घालतात म्हणे.

देवळात बैठक झाली. इंजिनिअरने दोन तुकडे आणलेले. एक पांढरं, मऊ, घोंगडीसारखं, दुसरं काळं, चटईसारखं घट्ट विणलेलं, फाडू म्हटलं तर फाटायचं नाय. तो म्हणाला, पांढरं घ्या, हे माती धरतं नि पाणी सोडतं. झालं! पाणी सोडतं म्हटल्यावर सगळे बिथरले. आमच्याकडची जुनी माणसं मिठागरात राबलेली, तिथे वाफा पायाने तुडवून तुडवून असा करतात की पाणी खाली झिरपता कामा नाय, गळका वाफा म्हणजे माणसाची नाचक्की. तीच नजर. माझे थोरले दीर बांधाचे पुढारी, ते उठले, दोन्ही कापडांची झोळी केली नि कळशीने पाणी ओतलं. पांढऱ्यातून भसाभसा गळलं, काळ्यात डबकं राहिलं. दीर म्हणाले, बघा, गळक्या कापडाने बांध बांधायला निघालेत. इंजिनिअर सांगत होता, अहो, भरतीला नि पावसात बांध पाणी पितो, ओहोटीला त्याला बाहेर यायला वाट नको का? कोण ऐकतंय. शेवटी तोही कंटाळला, म्हणाला, तुमचा ठराव, तुमची मर्जी.

मग त्या काळ्या कापडाचे पट्टे जोडायचे होते. दीर स्वतः घरी आले, यमुने, तुझ्यासारखा हात कुणाचा नाय गो, गावाचं काम हाय. मला केवढं बरं वाटलं! हातात धरायची मशीन, जाड दोरा, बांधावर उन्हात बसून दुहेरी शिवण मारली. कंबर मोडली पण टाका वाकडा जाऊ दिला नाय.

पुढच्या पावसात मोठं उधाण आलं, नि ओहोटी लागली तसा भर दुपारी बांध फुगायला लागला. कापडामागे पाणी कोंडलेलं, ते कापडासकट दगडांना बाहेर ढकलत होतं. दगड गडगडले, माती बसली, नि पुढच्या भरतीला खांड पडली, बांध फुटला. आमचं शेत पहिलं. भात लोंबीला आलेलं ओ, सगळं खाऱ्यात.

आणि दीर चारचौघांत काय म्हणाले, तर शिवण उसवली असणार. मी तिथेच उभी. चिखलातून कापड ओढून काढलं, म्हटलं, भाऊजी, हात लावून बघा, एक टाका सुटलाय का? कुणी हात लावला नाय. जाऊ दे गो, म्हणाले, झालं ते झालं. म्हणजे बोल माझ्या माथी नि झालं ते झालं तुमचं? आमचे हे पण गप्प. भावासमोर तोंड उघडतील तर शप्पथ, शिफ्ट हाय म्हणून डबा घेऊन कंपनीत गेले. शेताचं सोसलं मी, ह्यांचं ते गप्प बसणं नाय सोसत. तेव्हापासून गावातल्या बायका ब्लाउज रामवाडीतल्या टेलरकडे टाकतात.

आता बांध पुन्हा होतोय. पांढरं कापड आलंय. दीरच लोकांना सांगत फिरतात, पाण्याला वाट पाहिजे, जसं काय त्यांनीच शोधून काढलं. शिवायला बाहेरची माणसं आणली, त्यांची शिवण सुटते. परवा जाऊबाई आल्या, म्हणाल्या, आमचे हे विचारतायत, शिवायला येशील का? म्हटलं, येईन, पण जिथे पाणी ओतलं त्या देवळातच त्यांनी सगळ्यांसमोर एकदा म्हणावं, यमुनाची शिवण उसवली नव्हती. जाऊबाई खाली बघत चहा प्यायल्या नि गेल्या. अजून काय निरोप नाय.

बांध टिकू दे बाबा. माझंही शेत हाय त्याच्यामागे, वाईट कशाला चिंतू. सगळ्यांचं भात पिकू दे, दिरांचंपण. पण तोवर मशीन मी त्या बांधावर नेणार नाय.

ते काळं कापड कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलंय, या, बघा. मधोमध ही माझी शिवण. लावा हात. असं नाय, दोन्हीकडून धरा नि ओढा. जोरात ओढा.