वाकडी रेघ

नाही सर, खुर्ची राहू द्या, मी पायरीवरच बसते — शाळेत असताना इथंच बसायचे ना, दप्तर मांडीवर घेऊन, ढाणकीकडून तुमची मोटारसायकल येईपर्यंत. पोरं यायला वेळ आहे अजून? बरं झालं. मला पोरं यायच्या आधीच बोलायचं होतं. हे भिंतीवरचं चित्र कधी काढलं? छान आहे, सर. काचेचा उंच मनोरा, वर मी, डोळ्यांना दुर्बीण, दोन वेण्या — वेण्या सोडून किती वर्षं झाली मला. नाही नाही, छानच आहे. फक्त तसं नसतं. मला पण तसंच वाटलं होतं, तुम्हीच तर सातवीत सांगितलं होतं, उंच काचेच्या खोलीत बसून माणसं विमानं सांभाळतात, आणि मी तेवढ्यावर हॉस्टेलात गेले, हैदराबादला गेले, परीक्षा दिली, ट्रेनिंग केलं. काचेचा मनोरा असतो, पण तो विमानतळावर, चढत्या-उतरत्या विमानांसाठी. मी बसते तिथं खिडकीच नाही. अंधारी खोली, एसी इतका की मे महिन्यात शाल लागते, समोर पडदा, पडद्यावर ठिपके, ठिपक्याला चिकटलेले आकडे — नाव, उंची, वेग. पहिल्या दिवशी मी विचारलं, इथून आभाळ कुठून दिसतं? सगळे हसले. नाहिद मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हेच आभाळ, बेटा. दुसरं शोधू नको."

नाहिद मॅडम म्हणजे माझ्या शेजारी बसतात त्या. एका पडद्यावर दोघी लागतात, सर — एक विमानांशी बोलते, ती मी, आणि दुसरी शेजारच्या केंद्रांशी फोनवर बोलते, पुढं कोण येतंय, कोणाची वाट कोणाला कापणार, ते आधी बघते. मॅडम वणीच्या. वडील कोळशाच्या ट्रकांची इंजिनं खोलायचे. मी पुसदकडची म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्यासाठी वेगळी भाजी. बाकीचे मोठमोठी विमानतळं मागत होते, मी हे केंद्र मागून घेतलं, कारण आपल्या तांड्यावरचा आभाळाचा तुकडा याच्याच पडद्यावर येतो. तुम्हाला आठवतं ना संक्रांतीला मी इथंच भाषण केलं — आपण लमाण, धान्य-मीठ लादलेले लदेणीचे बैल घेऊन अख्खा मुलूख हिंडलेली माणसं, वाटा सांभाळणं आपल्या रक्तात आहे, वगैरे वगैरे. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी खरंच मानत होते ते. अजून मानते, तीच तर पंचाईत.

भाषणात मी नियम सांगितला होता, आठवतो? सोपा आहे. दोन विमानांमध्ये एक तर वर-खाली हजार फूट अंतर हवं, नाही तर आजूबाजूला पाच मैल. दोन्हीपैकी एक मोडलं तर चालतं, दुसरं आहे ना. दोन्ही एकदम मोडायचं नाही, कधीच नाही, एक क्षणभर नाही. विमानांचे मैल मोठे असतात, म्हणजे इथून ढाणकीची बाजारपेठ येईल तेवढं अंतर. पोरं म्हणाली, बापरे, एवढं लांब. मी म्हटलं, तुम्हाला लांब, त्याला पाऊण मिनिट पण नाही. म्हणून आम्ही विमान आता कुठं आहे ते बघतच नाही, सर. दहा मिनिटांनी कुठं असेल ते बघतो. सगळं काम तेच — जे अजून झालं नाही ते आधी बघायचं. आणि मग ती पाचवीतली पोरगी उठली, लाल रिबीनवाली, म्हणाली, "ताई, तू एवढे विमानं हाकलतं, मंग एखांदं आपल्या तांड्यावरून काहून नाही आणत?" सगळे हसले, मी पण हसले. तुम्ही म्हणालात, आणेल, आणेल, आपली अंजू आहे.

नाही सर, तुमच्यावर ढकलत नाहीये. तुम्ही गमतीनं म्हणालात. मीच ते डोक्यात घेतलं. रोज दुपारी एक विमान उत्तरेकडून येतं, आपल्या तांड्याच्या पश्चिमेनं, जरा लांबून जातं — इथून दिसत नाही, दिसलं तरी टेकडीमागं. रोज मी त्याच्याशी बोलते. रोज मनात येतं, थोडंसं इकडं घेतलं तर? आणि घेता येतं, सर. चोरी नाही ती. आम्ही वैमानिकाला मधले वळसे सोडून सरळ पुढच्या ठिकाणी जायला सांगू शकतो, त्याचं इंधन वाचतं, तो खूश होतो, रोज दहा जणांना देतो आम्ही तसं. त्या सरळ रेघेखाली आपला तांडा येत होता, एवढंच. म्हणून सोमवारी ड्यूटीवर जायच्या आधी — आत फोन नेता येत नाही, बाहेर कपाटात ठेवावा लागतो — कपाटापाशी उभं राहून मी तुम्हाला तो निरोप बोलून पाठवला, दुपारच्या सुट्टीत पोरांना गच्चीवर न्या, वर पाहा म्हणा. किती आनंदात बोलले होते मी. ऐकलात ना तुम्ही आवाज.

आता पुढचं. तुम्हाला वाटतं मी दोन आणली. पोरं पण तेच म्हणतायत तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत, "अंजूताईनं दोन आणले" — आणि टाळ्या, शिट्ट्या, तुमचा आवाज मागून, "शाब्बास, अंजू." मी एकच आणलं होतं, सर. दुसरं पूर्वेकडून येत होतं, त्याच उंचीवर. पहिलं त्याच्या नेहमीच्या वाटेनं गेलं असतं तर हे त्याच्या मागून आरामात निघालं असतं. मी त्याला सरळ केलं आणि दोघांची वेळ जुळवून दिली. कुठं? आपल्याच गच्चीच्या वर, जवळजवळ. पडद्यावर दोघांचे आकडे आधी पिवळे झाले, मग लाल, आणि मी — अर्धा श्वासभर मी नुसती बघत राहिले, खरं सांगते. मग एकाला उजवीकडं वळवलं, दुसऱ्याला खाली उतरवलं, मॅडमनी फोन टाकून दिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, हात जड होता. आमच्यात म्हणतात, अंतर तुटलं. आदळली नसती कदाचित. आतल्या कोणाला कळलं पण नसेल, जेवणाचे ट्रे गोळा करत असतील तेव्हा. पण तुटलं ते तुटलं. दोन्ही विमानं भरलेली होती, सर. तुमच्या व्हिडिओत दोन पांढऱ्या रेघा आहेत ना, एक सरळ, एक मध्येच वाकडी — ती लाल रिबीनवालीच विचारते शेवटी, "सर, ते वाकडं काहून झालं?" — ते माझं वळण आहे. मी ते ऐकलं, व्हिडिओ आणि माझा निरोप दोन्ही माझ्या फोनमधून पुसले आणि फोन उलटा ठेवला.

हो, चौकशी लागली. लागतेच, नियम आहे. दोघींना पडद्यावरून उठवलं, घरी जा म्हणाले. सुट्टी नाहीये ही, सर — माझी याडी सगळ्या तांड्यात सांगत फिरते, पोरगी सुट्टीवर आली, बापूंनी बोकड पण बघून ठेवला, आणि मी त्यांना काही बोलले नाही. चौकशीत पहिला प्रश्न हाच की सरळ वाट का दिलीस. मी म्हटलं, इंधन वाचावं म्हणून. त्यांनी मान हलवली. बरोबर उत्तर आहे ते, त्यात खोट काढता येत नाही. मग त्यांचं बोट मॅडमकडं गेलं — पुढचं बघणं तुमचं काम होतं, कापणारं विमान तुम्हाला दिसायला हवं होतं, एवढी वर्षं काढलेली बाई तुम्ही. या वर्षी त्या नवीन पोरांना शिकवायला जाणार होत्या ट्रेनिंगला, नाव निघालं होतं. ते थांबवलं. आता बहुतेक होणार नाही.

मला हे एवढंच सांगायचं होतं तुम्हाला. म्हणजे — नाही. थांबा. एवढंच नाही.

मी सरळ वाट दिली तेव्हा मॅडम फोनवर होत्या, दुसऱ्याच विमानाचं काहीतरी चाललं होतं. त्यांनी फोनवर हात ठेवला, मला विचारलं, "काहून सरळ?" मी म्हटलं, इंधन. मग विचारलं, "क्रॉसिंग पाहिलं का?" म्हणजे कोणी आडवं येतंय का. आणि मी म्हटलं, हो. पाहिलं नव्हतं, सर. मी त्या वेळी मनात इथं होते, या गच्चीवर, पोरं टाचा उंचावून बघतायत असं दिसत होतं मला. आभाळ दिसलं ना, शेवटी. जिथं दिसायला नको होतं तिथं. मी हो म्हटलं, त्यांनी परत फोन कानाला लावला. मान पण वळवली नाही. आमचं आपसातलं बोलणं कुठं रेकॉर्ड होत नाही, विमानाशी बोललेलं तेवढं होतं. मी चौकशीत ते सांगितलं नाही. मला वाटलं मॅडम सांगतील. त्यांनी पण नाही सांगितलं.

म्हणून काल संध्याकाळी तुम्हाला फोन केला, व्हिडिओ पुसून टाका म्हणून. तुम्ही म्हणालात, पेपरवाल्याला द्यायचा विचार होता, तालुक्याच्या पानावर येईल, तांड्याचं नाव होईल. त्यात माझा निरोप आहे ना सुरुवातीला, तुम्ही पोरांना ऐकवला तो. "आज दुपारी विमान आणते." एवढं कोणी ऐकलं की इंधन-बिंधन संपलं. मी घाबरले. तुम्हाला कारण खोटं सांगितलं, नियमात बसत नाही म्हटलं. फोन ठेवला आणि लगेच मॅडमचा आला. मला वाटलं ओरडतील. मी तयार होते, बरं वाटलं असतं उलट. तर म्हणतात काय — "जेवलीस का? तू मनावर घेऊ नको, बेटा. तू नवी आहे. तू हो म्हटलं आणि म्या मान वळवून पाहिलं नाही, ते माझं चुकलं. नवीन पोरीच्या हो-वर मी इसवास ठेवला, इतक्या वर्षांत असं केलं नव्हतं." हे त्या मला समजावत होत्या, सर. माझीच चूक स्वतःच्या अंगावर घेऊन मलाच समजावत होत्या. मी काय बोलले सांगू? म्हटलं, हो मॅडम. परत हो.

झोप कुठली. आज सकाळी याडी चूल पेटवत होती, मी तिच्याजवळ बसले होते, आणि ठरलं. चौकशीला सगळं सांगायचं — गच्ची, पोरं, निरोप, आणि ते हो. व्हिडिओ मीच त्यांच्यापुढं ठेवायचा. काय होईल? पडद्यावर परत बसवतील असं वाटत नाही. बसवू पण नये, मी त्यांच्या जागी असते तर बसवलं नसतं. भिंतीवरचं चित्र तुम्हाला पुसावं लागेल. पण मॅडम परत बसतील, पोरांना शिकवतील, आणि पहिल्याच दिवशी सांगतील, हो म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नका, पडद्याकडे बघा. तेवढ्यासाठी आले मी. तुम्हाला म्हणायला, की पुसू नका. मला पाठवा तो.

द्या ना. फोन काढलाय तर द्या. — काय झालं? — पुसला? — कालच? — माझा निरोप पण? — पोरांच्या घरच्यांना पाठवला होता तो पण? सगळ्यांकडून? — फोन करून करून. — मी सांगितलं म्हणून. कोणता नियम ते पण नाही विचारलं तुम्ही. मी म्हटलं आणि तुम्ही — तुम्ही पण मान वळवून पाहिलं नाही, सर.

नाही, रागावले नाही. खरं सांगू? तुम्ही पुसला म्हणालात ना, तर आधी मला बरं वाटलं. बघा म्हणजे. सकाळी चुलीपाशी मी काय ठरवलं होतं — व्हिडिओ आहे, आज ना उद्या बाहेर येईल, त्यापेक्षा आपणच सांगू. त्याला ठरवणं म्हणत नाहीत, घाबरणं म्हणतात. आता नाहीये. आता कोणाकडंच काही नाही, टेपवर नाही, तुमच्याकडं नाही, मॅडम बोलणार नाहीत. इंधन म्हटलं की इंधन. आता ठरवलं तर ते ठरवणं.

पोरं आली बघा, टेकडीवरून ओरडत येतायत. ती रिबीनवाली पुढं आहे. तिनं विचारलं तर काही सांगू नका, वाकडं काहून झालं ते मी सांगीन तिला, इथं, याच पायरीवर बसून, पण आधी तिकडं सांगायचंय. तुम्ही जा. जा ना, सर, घंटा द्या. असं बघू नका माझ्याकडं, मी लावलाय फोन, वाजतोय. — जा म्हणते ना.

मॅडम? अंजू बोलते. मी क्रॉसिंग पाहिलं नव्हतं.