अकरा हातोड्या थांबल्या तेव्हा

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. एक विचारतो — कष्टाला तोंड असतं का हो? ... कुणीच बोलत नाही! बरं, मग ऐका —

एका पेठेत तांबटआळी. तिथं नानाशेठचा कारखाना. बारा तांबट एका ओळीत बसायचे, त्यांत येसाजी. घंगाळ घडलं, की त्यावर हातोडीनं ठोके उमटवायचे, ठोक्याला ठोका लागून, चांदण्या पेराव्यात तसे. ते मठारकाम! अन् येसाजीचा ठोका सगळ्या ओळीला ओळखू यायचा — आईची हाक यावी तसा.

पण तांबं काय मुकाट्यानं घडतं? डावा कान गेलाच होता. वैद्यबुवा म्हणाले, "येसाजी, हातोडी सोड बाबा. उजवाही जाईल." सोडून खायचं काय? वाट एकच — मिस्त्री व्हायचं! मिस्त्री ठोकत नाही. फिरतो, बोट दाखवतो. हसू नका — पहिल्या रांगेत बरेच मिस्त्री बसलेत!

घरी चार वर्षांची मथू. उजव्या कानाशी ओठ नेऊन म्हणायची, "बाबा, कू!" तेवढ्या 'कू'साठी येसाजीला मिस्त्री व्हायचं होतं.

जुना मिस्त्री थकला. शेठनं सांगितलं, "देवीसाठी एकेक घंगाळ घडवा. ज्याचं सरस, तो मिस्त्री." येसाजी एकवीस दिवस ठोकत होता. शेजारचा चिंतामणही कामचुकार नव्हता बरं! शेठच्या वहाणा सरळ करायच्या, शेठच्या विनोदाला शेठच्या आधी हसायचं — घाम त्यालाही यायचा!

शेठ आला. मांडलेल्या घंगाळांतल्या एकावर हात फिरवला. "वा! हे कुणाचं?"

येसाजी पाठमोरा, पुढच्या कामात. चिंतामण उठला, हात जोडले — "आपलाच आशीर्वाद, शेठ!"

बघा हं! 'माझं' म्हणाला नाही! खोटं एक अक्षर नाही!

अकरा हातोड्या थांबल्या. अकराही जणांना ठोका कुणाचा ते ठाऊक. बारावी तेवढी चालू — टण्! टण्! टण्! शेठ वैतागला, "अरे, त्या बहिऱ्याला थांबवा! मी मिस्त्रीशी बोलतोय!"

झालं.

पेढे वाटले. ओळीतल्याच धोंडूनं येसाजीच्या हातावर एक ठेवला.

"कशाचा रे?"

धोंडू उजव्या कानाशी वाकला. "चिंतामण मिस्त्री झाला."

"अन् घंगाळ कुणाचं पसंत पडलं?"

धोंडू म्हणाला, "गोड आहे. खा."

त्या वर्षी येसाजीची बायको जात्यावर म्हणायची —

हातोडीचा नाद बाई, घरभर दाटला
माझ्या धन्याच्या कानाचा, पडदा फाटला

एका सकाळी मथू उजव्या कानाशी आली. "बाबा, कू!" येसाजी तिच्या ओठांकडे बघत राहिला. म्हणाला, "आज आळीत हातोड्या बंद का गं?"

बाहेर आळी दणाणत होती, मंडळी!

आता चिंतामणाला शिव्या घालत घरी जाल. सोपं आहे! पण ओळीत चिंतामण एकच होता. बाकीचे दहा कोण? कष्टाला तोंड नसतं. ते शेजारी बसलेल्याला दिलेलं असतं. मघाशी मी विचारलं, तेव्हाही कुणी बोललं नाही.

प्रसादाला आज पेढे आहेत. रांगेनं या. गोड आहेत. खा.