गुळगुळीत भिंत

(शहरातून जाणारा कालवा, उतरतं ऊन. धाकटा भाऊ पाण्यात. थोरली बहीण वर काठावर, त्याचे बूट शेजारी ठेवून बसलेली.)

धाकटा : हात दे ताई. पुरे झालं आता.

ताई : पोचत नाही रे माझा हात. भिंत उंच करून कोणी घेतली?

धाकटा : पालथी पड ना जरा.

ताई : पडून पाहिलं, तरी अंतर उरतंच. आणि मीही आत आले तर तुझ्या खात्याला एकदम दोघांबद्दल खोटं बोलावं लागेल. उगाच काम वाढायचं.

धाकटा : टोमणे नंतर मार. दमलोय मी.

ताई : इतक्यात? बूट काढून, घड्याळ माझ्या हातात देऊन उडी कोणी मारली? मी ढकललं का? ‘ज्याला पोहता येतं तो इथे बुडूच शकत नाही, थांब, दाखवतोच तुला.’ मी म्हटलं, दाखव. दाखव ना मग.

धाकटा : धरायलाच काही नाही गं.

ताई : कळलं का साहेबांना? भिंत बांधून वर्ष झालं, सत्कार झाला, हार घालून झाले. पाण्यातून ती कशी दिसते ते आज बघतायत.

धाकटा : फरशीवर शेवाळ धरलंय. हात सटकतो.

ताई : पाण्यात शेवाळ धरणारच. का त्यालाही तुमच्या खात्याची परवानगी लागते? इथे पायऱ्या होत्या, बाळ्या. होड्या बांधायच्या लोखंडी कड्या होत्या. बाबांनी आपल्याला पोहायला शिकवलं ते त्याच कड्यांना धरायला लावून. सगळं उपटून टाकलंस.

धाकटा : गंजल्या होत्या त्या. आणि पायऱ्यांवर लोक पत्ते कुटत बसायचे. फोटोत किती वाईट दिसायचं.

ताई : हां, फोटो. कालवा फोटोसाठी असतो, विसरलेच मी.

धाकटा : लोकांनी पाण्याजवळ येऊ नये म्हणून काढल्या. सुरक्षेसाठी.

ताई : बाहेर यायची वाट बंद केली की माणसं आत पडायची थांबतात, हे कुठल्या कॉलेजात शिकलास? फी परत माग त्यांच्याकडे.

धाकटा : तुझा तो आचारी गेला, त्याचा राग काढतेयस माझ्यावर.

ताई : मग कोणावर काढू? चांगला बाप्या माणूस, लाजत लाजत माझ्या तलावावर शिकायला आला. आधी कमरेएवढ्या पाण्यातही माझा हात सोडायचा नाही. नंतर न थांबता फेऱ्या मारायचा. इथे सायकलसकट पाण्यात पडला आणि तू वर्तमानपत्रवाल्यांना काय सांगितलंस? ‘त्याला पोहता येत नव्हतं.’

धाकटा : मला तसं वाटलं. बुडाला म्हणजे येत नसणार.

ताई : वाटलं म्हणे. त्याची आई माझ्या दारात येऊन उभी राहिली. ‘बाई, मग तुम्ही माझ्या मुलाला शिकवलंत काय?’ काय सांगू मी तिला? माझ्या भावाला भिंतीची लाज राखायची होती, म्हणून तुमच्या मुलाला अडाणी ठरवलं, असं सांगू?

धाकटा : ताई.

ताई : बोल. त्याला पोहता येत होतं, एवढंच म्हण. बाकी काही नकोय मला.

धाकटा : ताई, पायात गोळा आलाय.

ताई : नाटकं करू नकोस. लहानपणापासून तुझं हेच. बाळ्या? बाळ्या, पाठीवर हो. छाती वर, मान मागे टाक. पाय मारू नकोस. काका, ओ रखवालदार काका, इकडे या. त्या काचेच्या पेटीतली, बुडणाऱ्याला टाकायची रिंग काढा आधी.

रखवालदार : कुलूप आहे बाई. किल्ली साहेबांच्या टेबलाच्या खणात असते. रिंगा चोरीला जातात म्हणून.

ताई : साहेब पाण्यात आहेत.

रखवालदार : दिसतायत मला.

ताई : मग काच फोडा.

रखवालदार : पेटीला हात लावला तर कारवाई, अशी पाटी आहे बाई. साहेबांनी सांगितलं तर फोडतो.

धाकटा : फोडा. फोडा काका.

रखवालदार : फोडली, साहेब. ही टाकली बघा. बाई, दोर धरा माझ्यामागून.

ताई : डोक्यावरून घे रिंग. दोन्ही काखेत. हां. आता सोडलीस तर याद राख. ओढा काका.

धाकटा : खरचटतंय.

ताई : खरचटू दे.

रखवालदार : अजून थोडं. आले. बसा साहेब, बसा खालीच.

ताई : डोकं खाली घाल. ओकून टाक सगळं. असा जीव घेतोस माझा. आण हात इकडे. बघ तुझी नखं. त्याचीही अशीच फुटली होती. मी पाहिली आहेत.

धाकटा : त्याला पोहता येत होतं.

ताई : मला नको सांगूस. त्याच्या आईला सांग. आत्ता, याच ओल्या कपड्यांत, आणि मी शेजारी उभी असताना.

धाकटा : येतो. पण सगळंच माझ्या माथी मारू नकोस ताई. तो पडला त्या दिवशी काकांनी फोन केला, तेव्हा मी मीटिंगमधून उठलो. काच फोडू नका म्हणालो, कबूल, पण शिपायाच्या हाती लगेच किल्ली पाठवली. काका, सांगा हिला. पाठवली होती ना मी?

रखवालदार : पाठवली होती की, साहेब. आली किल्ली. मी पेटी उघडलीसुद्धा. रिंग टाकायला पाण्यावर कोणी उरलं नव्हतं.