गवंड्याची करंगळी

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या शिवणकामवाल्या बाई आपला नंबर विसरून पुढच्या म्हाताऱ्या गवंड्याचं आणि दुकानदाराचं बोलणं ऐकत राहिल्या.

"नातीचा फोन येतो, मी काचेवर बोट घासघास घासतो, पण उचललाच जात नाही. ती रुसून बसलीय. काच बदला."

"काका, काच ठणठणीत आहे. माझ्या बोटानं चालतेय बघा."

"मग माझ्याशी काय वैर आहे तिचं?"

"काचेखाली विजेचं बारीक जाळं असतं. बोट टेकलं की कणभर वीज बोटाकडे ओढली जाते. कुठून ओढली, ते फोनला कळतं."

"जाळं? मग दिसत कसं नाही?"

"इतकं पातळ असतं की आरपार दिसतं."

"वा! आम्ही भिंतीत एक वायर दडवतो, तर फुगवटा येतो. कारागीर आहे बुवा कुणीतरी!"

"तुमच्या बोटांना थापी धरून घट्टे पडलेत. जाड, कोरड्या कातडीतून जाळ्याला बोट जाणवत नाही. करंगळी मऊ आहे, ती लावा."

तेवढ्यात फोन वाजला. गवंड्यानं करंगळी अलगद सरकवली.

"आजोबा! इतके दिवस होता कुठे?"

"दारातच होतो गं. चुकीच्या बोटानं कडी वाजवत होतो."