काट्यावरचा गणपती

आमच्या काकाने जीपला टर्बो बसवला, तेव्हाची गोष्ट. पेणच्या गॅरेजवाल्याने इंजिनाच्या पंपातून येणारं डिझेलही वाढवून दिलं. मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करत होते. धुराची उष्णता दाखवणारं मीटर हट्टाने लावून घेतलं आणि बजावलं, "काटा लालमध्ये गेला की पाय उचलायचा, नाहीतर पिस्टन वितळेल."

"व्हय गो, कळतंय," काका म्हणाला, आणि नवीन वस्तू म्हणून त्याच मीटरच्या काचेवर गणपतीचा स्टिकर चिकटवला. लाल भाग नेमका देवाखाली गेला.

"काढ तो."

"देवाला काढायचा नाय."

मी चिडून विषय सोडला.

आठवड्याने काकीला धाप लागली, ओठ निळे पडले. वाडीवरून जीपने रोह्याच्या दवाखान्यात निघालो. काकी माझ्या खांद्यावर टेकलेली. चढावर काकाने पाय दाबून धरला. जळका वास आला, तशी मी हात लांब करून नखाने स्टिकर खरवडला. काटा लालच्या टोकाला होता.

"काका, पाय उचल."

"तिला श्वास घेता येत नाय गो."

"इंजिन गेलं तर ती इथेच राहील."

त्याने पाय उचलला. उरलेला चढ बैलगाडीच्या वेगाने चढलो, पण पोचलो.

काकीला ऑक्सिजन लागल्यावर काका बाहेर येऊन बसला. म्हणाला, "देव रस्ता बघत होता गो. काटा मी बघायचा होता."

स्टिकरचं भांडण अर्धवट सोडणारी तर मीच होते.

मग पंपाचं डिझेल कमी करून घेतलं. काकाने नवा गणपती आणून स्पीडोमीटरवर लावला. ते मीटर तसंही कधीचं बंद होतं.